वाचकांचे प्रश्न : परसातला पाला आणि वसाहतकाळातला चहा

गेल्या अंकात मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या वस्तीच्या प्रतिकृतीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. सतराव्या शतकातल्या घरांमागे असत तसे औषधी आणि स्वयंपाकाच्या झाडपाल्याचे वाफे तिथे राखले आहेत आणि उन्हाळ्यात मी स्वयंसेवक म्हणून ते सांभाळते. त्या मजकुरावर इतकी पत्रं आली की या अंकाचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ताई, बोस्टनच्या बंदरात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. म्हणजे तो भारतातला होता ना? मुलाच्या वर्गात मी तसंच सांगून आले आहे.

नाही, तो चहा चीनचा होता, अगदी शेवटच्या पेटीपर्यंत. १७७३ साली भारतात चहाचे मळेच नव्हते. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ साली. कंपनी कँटनहून माल उचलायची, लंडनला न्यायची आणि तिथून तो अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत यायचा.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ग्रिफिन्स धक्क्याला लागलेल्या डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवर माणसं चढली आणि ३४२ पेट्या फोडून त्यांनी चहा पाण्यात ओतला. हीच ती ‘बोस्टन टी पार्टी’. वजन ९२ हजार रतलांच्या (एक रतल म्हणजे जवळपास अर्धा किलो) आसपास, कंपनीच्या हिशोबाने किंमत ९,६५९ पौंड. त्यातला बहुतेक माल ‘बोही’, म्हणजे फूजियान प्रांतातल्या वुई डोंगराकडचा स्वस्त काळा चहा. बाकी काँगू आणि सूशाँग हे काळे, तर सिंग्लो आणि हायसन हे हिरवे. त्या रात्री हिरवा चहाही बुडाला हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण वसाहतींत हिरव्या चहाला चांगली मागणी होती.

वर्गात पुन्हा जाणार असाल तर आणखी एक गोष्ट सांगा. चहावरचा कर वाढला म्हणून लोक चिडले, असं सर्रास सांगतात. तसं झालं नव्हतं. रतलामागे तीन पेनीचा कर १७६७ सालापासून होता. त्याच्या जोडीचे काच, कागद, रंग यांवरचे कर १७७० साली उठले, चहावरचा तेवढा राहिला. १७७३ च्या कायद्याने कंपनीला आपल्या आडत्यांमार्फत थेट वसाहतींत माल विकायची मुभा दिली, त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. लोकांना तीच तर भीती होती! स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे गुपचूप तो कर मान्य करायचा. इथले व्यापारी मधल्या मध्ये मरणार होते आणि डचांकडून चोरून येणाऱ्या चहावर ज्यांची घरं चालत होती, तेही.

प्रश्न : आमच्या घरामागे दहा-बारा फूट मोकळी जागा आहे. तिथे वसाहतकाळातल्यासारखा वाफा करायचा आहे. काय लावू? कसं लावू? (मॅसॅच्युसेट्समधून तीन वाचकांनी विचारलं आहे.)

हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी जागा. त्या काळच्या घरात हा वाफा स्वयंपाकघराच्या दाराला लागून असे. चुलीवर भांडं ठेवलेलं असताना बाईला दोन पावलांत पानं खुडून आणता आली पाहिजेत. भोवती कुंपण हवंच, कारण गावात डुकरं आणि कोंबड्या मोकाट हिंडत. आज तुमच्याकडे डुकरं नसतील, पण ससे आहेत आणि हरणं आहेत, तेव्हा कुंपण आजही हवं. वाफे जमिनीपासून वीतभर उंच करत, कडेला फळ्या किंवा विणलेल्या फांद्या लावत. उंच वाफ्यातलं पाणी लवकर निचरतं आणि इथल्या लांबलेल्या थंडीनंतर माती लवकर ऊब धरते. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. मातीवर पाय द्यायचा नाही.

आता काय लावायचं ते. १६३१ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा मुलगा, धाकटा जॉन विन्थ्रॉप, तिकडे निघाला तेव्हा त्याने लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याकडून बियाणं घेतलं. त्याचं बिल आजही उपलब्ध आहे. त्यात कोबी, गाजर, कांदा आहेतच, पण थाइम, हिसॉप, अँजेलिका, टॅन्सी, मार्जोरम, बेसिल आणि रोजमेरीही आहे. म्हणजे माणसं आपल्या ओळखीची सगळी बाग बोटीत घालून आणायला बघत होती.

पुढे काय झालं ते जॉन जॉस्लिन सांगतो. हा इंग्रज गृहस्थ दोनदा इथे येऊन राहिला आणि १६७२ साली त्याने इथल्या झाडापेडांची नोंद छापली. काय जगतं आणि काय जगत नाही याची त्याची यादी मी वाफ्यावर काम करताना मनाशी धरूनच चालते. लॅव्हेंडर या हवेचं नाही, म्हणतो. रोजमेरीचा हा देशच नव्हे. रू जेमतेम तग धरतं. फीव्हरफ्यू मात्र फोफावतं. आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटेल : कोथिंबीर आणि शेपू उत्तम येतात, असं त्याने लिहून ठेवलंय! बडीशेपेचं बी मात्र क्वचितच पिकतं, अशी तक्रारही आहे. साडेतीनशे वर्षांनंतरही त्याची यादी बऱ्याच अंशी खरी ठरते. रोजमेरी जमिनीत लावाल तर जानेवारीत ती काळी पडेल. कुंडीत लावा आणि ऑक्टोबर संपायच्या आत घरात घ्या. लॅव्हेंडरच्या आज थंडी सोसणाऱ्या जाती मिळतात, तेवढा एक फरक पडला आहे.

तुमच्या बारा फुटांत मी सेज, थाइम, हिसॉप, विंटर सेव्हरी, चाइव्ह्ज आणि लेमन बाम लावीन. वर्षायू म्हणून कॅलेंड्युला आणि शेपू. सेज मधोमध, कारण ते झुडूप होऊन बसतं. त्याच्या जुन्या फांद्या दर वसंतात तिसऱ्या हिश्शाइतक्या छाटा, नाहीतर बुंधा लाकडी होऊन उकलतो आणि बर्फाच्या ओझ्याने मधून फाटतो. पुदिना वाफ्यात नको. तो वेगळ्या कुंडीत किंवा बुडाशिवायच्या डब्यात ठेवा, एरवी दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे फक्त पुदिन्याची बाग असेल. टॅन्सीचंही तेच. टॅन्सी दिसते गोड, पिवळ्या बटणांसारखी फुलं. त्या काळी ती ईस्टरच्या सुमाराला अंड्यांच्या पक्वान्नात घालत आणि किडे-माशा दूर ठेवायला घरात पसरत. आज मात्र ती पोटात घेऊ नका, तिच्यातलं तेल विषारी आहे.

पानं तोडायची ती फुलं उमलण्याच्या आधी, सकाळी दव उडाल्यावर. जुड्या बांधून उलट्या टांगायच्या, उन्हात नाही, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी. जुन्या घरात यासाठी माळा असे. चिमणीच्या उबेने तिथली हवा कोरडी राहायची. पान चुरलं की कुरकुरलं पाहिजे. नुसतं वाकत असेल तर अजून ओल आहे आणि बरणीत भरलंत तर बुरशी येईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ‘न्यू जर्सी टी’ नावाचं झुडूप रोपवाटिकेत पाहिलं. चहा सोडल्यावर लोक हेच पीत होते का? चव कशी असते?

हो, हेही पीत होते. कराच्या निषेधात चहावर बहिष्कार होता त्या वर्षांत लोकांनी जे जे उकळून पाहिलं त्या सगळ्याला मिळून ‘स्वातंत्र्याचा चहा’ म्हणत. एकच एक असा पाला नव्हता. रास्पबेरीची पानं, स्ट्रॉबेरीची पानं, सेज, पुदिना, लेमन बाम, ससाफ्रास या झाडाची मुळं, जे हाताशी असेल ते. एका प्रकारात तर बरीच मेहनत होती : चार पानांच्या लूसस्ट्राइफची झाडं मुळासकट उपटायची, पानं ओरबाडून देठ उकळायचे, लोखंडी भांड्यातल्या पानांवर तो काढा शिंपडत राहायचा आणि मग पानं भट्टीत वाळवायची. चहाला काळा रंग आणि थोडा जडपणा यावा म्हणून हा सगळा खटाटोप.

तुमचं झुडूप कमरेइतकं वाढतं. जूनच्या सुमारास पांढऱ्या फुलांचे घोस येतात. ती फुलं ओल्या हातात चोळून बघा, साबणासारखा फेस येतो. मुळं लालसर आणि इतकी चिवट असतात की एकदा लावलेलं झुडूप हलवण्याच्या भानगडीत पडू नका. ऊन द्या, निचरा द्या आणि पहिली दोन वर्षं जाळी लावा, कारण हरणांना कोवळे शेंडे फार आवडतात. पानं फुलोऱ्यात असताना तोडायची आणि सावलीत पूर्ण वाळवायची. रंग खरोखर चहाच्या जवळ येतो. चव मऊ, जराशी तुरट. मला ती आवडते. पण चहाची तल्लफ भागेल ही अपेक्षा ठेवू नका, त्यात कॅफीन अजिबात नाही. सकाळ-संध्याकाळ बोही पिणाऱ्या माणसांनी अचानक पाला उकळून प्यायला सुरुवात केली तेव्हा डोकी किती दुखली असतील, याचा विचार इतिहास सांगताना सहसा कुणी करत नाही.

या यादीतलं एक नाव मात्र मला सावकाश सांगायचं आहे : ओस्वेगो चहा. मोनार्डा. लालभडक झुबक्यांचं फूल, पान चुरगळलं तर संत्र्याच्या सालीसारखा आणि थोडा ओव्यासारखा वास. फिलाडेल्फियाचा वनस्पतींचा जाणकार जॉन बार्ट्रम १७४३ साली ऑन्टॅरिओ सरोवराकाठच्या ओस्वेगोपर्यंत गेला होता. तिकडून आणलेलं बी त्याने लंडनला पीटर कॉलिन्सन या झाडांच्या शौकीन व्यापाऱ्याकडे पाठवलं आणि थोड्याच वर्षांत हे फूल इंग्लंडच्या बागांत पोचलं. बार्ट्रमचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कॉलिन्सनचंही. या पानांचा काढा करायचा हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, त्या हौदेनोसौनी (इरोक्वॉय) या मूळ लोकांपैकी एकाही बाईचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आणि १७७९ साली जनरल सलिव्हनच्या फौजेने याच हौदेनोसौनींची ४० हून अधिक गावं जाळली, उभं पीक कापलं, फळबागा तोडल्या. तो हुकूम जॉर्ज वॉशिंग्टनचा होता. वाफ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना मी मोनार्डा दाखवते तेव्हा हे सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. ‘स्वातंत्र्याचा चहा’ हे नाव घ्यायचं तर ज्यांची झाडं आणि ज्यांचं ज्ञान त्या किटलीत गेलं, त्यांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं.

लावायची असेल तर ओलसर जागा द्या आणि गर्दी करू नका. हवा खेळली नाही तर ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी पडते.

प्रश्न : नॉर्थ कॅरोलायनात किनाऱ्याजवळ आमच्या घराभोवती यॉपनचं कुंपण आहे. माळी म्हणाला, याचा चहा होतो. खरं का? लाल फळं विषारी असतात असं ऐकलंय.

दोन्ही खरं. तुमच्या कुंपणात जे उभं आहे ते या सगळ्या पाल्यांत सर्वांत मोलाचं. उत्तर अमेरिकेत मुळात उगवणाऱ्या आणि कॅफीन असलेल्या वनस्पती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यांतली यॉपन ही एक, हॉलीची एक जात. आग्नेयेकडच्या मूळ लोकांमध्ये, टिमुकुआ, क्रीक आणि आणखी कितीतरी समाजांत, पानं भाजून उकळलेला काळाभोर काढा सभेत आणि विधीत मोठ्या शंखातून फिरवला जाई. आज सेंट लुइसजवळ अवशेष उरलेल्या काहोकिया नगरात, जिथे हे झाड उगवतच नाही, तिथल्या सुमारे नऊशे वर्षं जुन्या भांड्यांत या जातीच्या पेयाचे अंश सापडले आहेत. म्हणजे पानांचा व्यापार शेकडो मैल चालत होता. फ्लोरिडातले स्पॅनिश लोक ते प्यायला शिकले, कॅरोलायनातले इंग्रजही. आउटर बँक्सच्या बेटांवर तर ते अगदी विसाव्या शतकापर्यंत घराघरांत होतं.

मग बोस्टन आणि फिलाडेल्फियाने चहा सोडला तेव्हा याने ती जागा का घेतली नाही? झाड उत्तरेच्या थंडीत येत नाही, हे एक. आणि ज्यांच्याकडे ते होतं त्यांच्या लेखी ते मूळ लोकांचं आणि गरिबांचं पेय होतं. पाहुण्यापुढे चिनी मातीच्या कपातून ठेवायचं नव्हतं. मला हे फार खटकतं. तल्लफ भागवणारं पेय दाराशी उभं होतं आणि प्रतिष्ठा आडवी आली.

करून बघायचं तर आधी ओळख पक्की करा. नुसत्या छायाचित्रावरून नको, तुमच्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयात फांदी दाखवा. हॉलीच्या इतर जाती आणि कुंपणाला लावतात ते प्रिव्हेट यांच्याशी गफलत होते आणि प्रिव्हेट विषारी आहे. कुंपणावर फवारणी होत असेल तर ती पानं घेऊच नका. कोवळी पानं खुडून, कोरड्या जाड भांड्यात मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परता आणि दहा मिनिटं उकळा. फळं मात्र एकही जाता कामा नये, त्यांनी उलट्या होतात.

प्रश्न : बायकांनी खरोखरच चहा सोडला, की नुसत्या सह्या केल्या? एडन्टनच्या ‘टी पार्टी’त चहा समुद्रात टाकला का? (व्हर्जिनियातील एक वाचक.)

एडन्टनमध्ये कुणी काही फेकलं नाही. २५ ऑक्टोबर १७७४ रोजी नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या गावातल्या ५१ बायकांनी एका ठरावावर स्वतःच्या नावाने सह्या केल्या. ठरावाच्या मजकुरात चहाचा उल्लेखच नाही. प्रांतिक परिषदेने ऑगस्टमध्ये जे ठरवलं त्याच्या पाठीशी आम्ही आहोत, एवढंच त्यात आहे. पण त्या परिषदेने १० सप्टेंबरनंतर घरात ईस्ट इंडियाचा चहा वापरायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती सही चहावरही होती. पुढाकार पेनेलोपी बार्कर यांचा मानतात. जानेवारीत ही बातमी लंडनच्या वर्तमानपत्रांत पोचली आणि मार्चमध्ये या बायकांची टर उडवणारं व्यंगचित्र तिथे छापून आलं. ते चित्र आजही शाळेच्या पुस्तकांतून दिसतं. चित्रकाराने त्यांना विद्रूप, बेताल दाखवलं आहे आणि पुष्कळ जण ते गंमत म्हणून बघतात. मला त्यात फक्त एक दिसतं : राजकारणाच्या कागदावर बायकांनी उघडपणे नाव घातलं, हे त्या लोकांना पचलं नव्हतं. त्याआधी, १७७० साली, बोस्टनच्या ३०० हून अधिक गृहिणींनीही चहा सोडण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या.

आता मुख्य प्रश्न, खरोखर सोडला का? काहींनी सोडला, काहींनी नाही. दोन्ही बाजूंचे साक्षीदार आहेत.

तुमच्याच व्हर्जिनियातला घ्या. नॉमिनी हॉल या रॉबर्ट कार्टरच्या वाड्यात फिलिप फिदियन नावाचा तरुण शिक्षक होता. त्याच्या रोजनिशीत मे १७७४ मध्ये नोंद आहे, की चार वाजता कॉफी घेतली, आता इथले लोक चहाला हात लावत नाहीत इतके देशभक्त झाले आहेत. त्याच वर्षी पुढे एका संध्याकाळी कार्टरबाईंनी कॉफीच्या वेळेला गुपचूप चहा करून पाठवला. कर्नल कार्टरसाहेबांनी वास घेतला, घोट घेतला, पाहिलं, गंभीरपणे विचारलं, हे काय आहे? आणि कळल्यावर सरळ चुलीत ओतून दिला. बाईंना चहाची आठवण येत होती हे यातून कळतंच. शिवाय घरातला चहा अजून संपलेला नव्हता!

जॉन अ‍ॅडम्सचं पत्र तर सगळ्यांना माहीत असावं. जुलै १७७४ मध्ये तो फॅल्मथला, म्हणजे आजच्या मेनमधल्या पोर्टलंडला, एका घरी उतरला. पस्तीस मैलांची घोडदौड करून दमलेला. त्याने घरमालकिणीला विचारलं, कर न भरता प्रामाणिकपणे चोरून आणलेला चहा असेल तर एक कप मिळेल का? ती म्हणाली, नाही साहेब, इथे आम्ही चहा पूर्ण सोडला आहे, हवी तर कॉफी करून देते. अ‍ॅडम्सने पत्नीला, अ‍ॅबिगेलला कळवलं की मलाही ही सवय तोडली पाहिजे, जितकी लवकर तितकं बरं. पुढे देशाचा अध्यक्ष झालेला हा माणूस आणि त्याला नकार देणारी एक साधी घरमालकीण. माझ्या मते बहिष्कार टिकला तो अशा बायकांमुळे. किटली त्यांच्या हातात होती.

उलट बाजूचा साक्षीदार म्हणजे बोस्टनचा राजनिष्ठ न्यायाधीश पीटर ऑलिव्हर. तो लिहितो, या बायकांनी आधी भरपूर साठा करून ठेवला आणि मग शपथा घेतल्या. आजारपणात चहा चालेल अशी सवलत ठेवली आणि सोयीने आजारी पडू लागल्या. टेबलावर कॉफीचं किंवा चॉकलेटचं भांडं असायचं आणि आत चहा असायचा. ऑलिव्हर विरोधी पक्षाचा, तेव्हा त्याच्या शब्दांतला तिखटपणा वजा करा. तरी असं घडलंच नसेल असं म्हणता येत नाही.

१ मार्च १७७५ पासून तेरापैकी बारा वसाहतींच्या काँग्रेसच्या, म्हणजे प्रतिनिधी सभेच्या, ठरावाने ईस्ट इंडियाचा चहा विकत घेणं आणि वापरणं दोन्ही बंद झालं. वर्षभरात, १३ एप्रिल १७७६ रोजी, त्याच काँग्रेसने आधी आलेला साठा विकायला परवानगी दिली आणि साध्या बोहीचा भाव रतलाला पाऊण डॉलरवर जाऊ नये असं बजावलं. लोकांना चहा किती हवा होता, हे त्यावरून समजतं.

प्रश्न : मुलीच्या शाळेत वसाहतकाळातलं चहापान सादर करायचं आहे. काय काय मांडायचं?

कप बिनकानाचे हवेत, वाटीसारखे, खाली खोलगट बशी. किटली लहान. वापरलेली पानं आणि गार चहा ओतायला एक वाडगा. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेतून आडकित्त्यासारख्या चिमट्याने तोडलेली. चहाची पेटी कुलूपबंद आणि किल्ली घरच्या बाईकडे. पाहुण्याला आणखी नको असेल तर तो कपावर चमचा आडवा ठेवी. फ्रान्सचा प्रिन्स द ब्रॉली १७८२ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट मॉरिसच्या घरी आला तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला एकामागून एक बारा कप प्यावे लागले, मग कुणीतरी ही युक्ती सांगितली. मुलांना हा प्रसंग करून दाखवायला नक्की आवडेल.

ऑल्बनीतल्या डच घराचा देखावा करणार असाल तर साखर कपात घालू नका. स्वीडनहून आलेला पेहर काल्म १७४९ साली तिथे होता. तो लिहितो की लोक साखरेचा खडा तोंडात धरून वरून चहा पितात, बहुधा दुधाशिवाय. न्यू यॉर्क शहर असेल तर पाणी विकणारा एक मुलगा ठेवा. तिथल्या बऱ्याच विहिरींचं पाणी खारट होतं, म्हणून चहासाठी चांगल्या पंपाचं पाणी गाड्यांवरून विकत. या पाणीवाल्यांसाठी शहराने १७५७ साली नियमही केले होते.

आणि साखर कॅरिबियन बेटांवर गुलाम माणसांकडून करवून घेतलेली असे, हे निवेदनात एका वाक्यात तरी येऊ द्या. मुलांना ते समजतं.

प्रश्न : घरामागच्या रानात ससाफ्रास आहे. मुळांचा चहा करू का? आणि पेनीरॉयलचा?

दोन्ही नको. ससाफ्रासच्या तेलातलं सॅफ्रोल प्राण्यांवरच्या चाचण्यांत यकृताला घातक, कर्करोग करणारं आढळलं आणि अमेरिकेने १९६० साली ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली. पुदिन्याच्या कुळातल्या पेनीरॉयलच्या तेलाने माणसं दगावली आहेत. त्या काळी लोक दोन्ही पीत होते आणि त्याचं काय होत होतं हे कळायला त्यांच्याकडे साधन नव्हतं. गरोदर असाल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर सेज, रास्पबेरीची पानं यांच्याबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : हे सगळं प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

फिलाडेल्फियात शुइलकिल नदीकाठी बार्ट्रमची बाग आहे. त्याने १७२८ साली ती जमीन घेतली होती, घर अजून उभं आहे. मोनार्डा फुललेली पाहायची तर जुलैत जा. नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमजवळ बेथाबारा येथे मोरेव्हियन पंथाच्या लोकांची १७६१ सालची औषधी बाग जुन्या नकाशावरून पुन्हा उभी केली आहे. कोणत्या वाफ्यात काय होतं याची त्या काळची नोंद हाती असल्यामुळे तिथला वाफा अंदाजाने लावलेला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथला वस्तीच्या प्रतिकृतीत घरामागचे उंच वाफे आणि शेजारी वॉम्पानोअग लोकांचं निवासस्थान, दोन्ही बघा. दुसऱ्या भागाला घाईघाईत उरकू नका. तिथे काम करणाऱ्या मूळ लोकांना झाडांबद्दल विचारलंत तर ते मनापासून बोलतात. फक्त परवानगीशिवाय पान तोडू नका.